डाव्या कोपऱ्याचा टवका

कोपर लागलं, एवढंच.
वारा नव्हता, कुणी हाक मारली नव्हती,
खाली फ्योर्डच्या पाण्यावर एक लाटसुद्धा नव्हती.
बाकाच्या काठावरून रंधा गेला
आणि आवाज आला तो लोखंडाचा नव्हे,
कपाचा कान तुटावा तसला, हलका, घरगुती.

रंधा माझा नव्हता.
गुडलाइकनं वापरायला दिला होता,
होडीच्या तीन फळ्यांपुरता,
आणि देताना एकच म्हणाला होता,
ओला ठेवू नकोस.
पडण्याबद्दल काही बोलला नव्हता.
माणसं भलत्याच गोष्टीची ताकीद देतात.

उचलला. मूठ शाबूत. पातं शाबूत.
पात्याखालचा तो बसका तुकडा,
ज्याला इथले सुतार बेडूक म्हणतात, तोही जागचा हललेला नाही.
तळ उलटा करून दिव्याखाली धरला:
पुढच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला,
करंगळीच्या अर्ध्या नखाएवढा.

बीड वाकत नाही, सरळ तुटतं,
आणि तुटल्यावर आतून दाणेदार दिसतं, साखरेसारखं, राखाडी.
सत्तर वर्षं कुणी न पाहिलेला रंग.

टवका शोधला. गुडघ्यांवर बसून,
छिलक्यांच्या ढिगात लोहचुंबक फिरवत.
दोन खिळ्यांची डोकी आली, एक हरवलेला स्क्रू,
मग तो.
काडेपेटीत ठेवला. का, ते विचारू नका.
चिकटणार नव्हताच.

खरी चूक यानंतरची.
वाटलं, कोपराच तर आहे, पातं कुठे तिथे पोचतंय,
आणि तिसऱ्या फळीवर तसाच रंधा मारला.
तुटलेल्या कडेचा एक कच खाली आला होता, दिसत नव्हता.
त्यानं फळीभर रेघ ओढली, केसाहून बारीक,
आणि पात्यानं ती पुसली नाही,
कारण पातं तिथे पोचतच नव्हतं.
संध्याकाळी खिडकीतून आडवा उजेड आला तेव्हा दिसली.
फळी तोवर होडीला लागलेली.
तांब्याचे रिव्हेट, एकोणीस.

मग जे आधी करायचं ते केलं.
बारीक कानस घेऊन कोपरा गोल केला,
फक्त पुढे ढकलत, मागे येताना उचलून,
अंगठ्याला टोचेनासा होईपर्यंत.
काचेवर पॉलिशपेपर पसरून तळ फिरवला,
मेणबत्तीचं मेण चोळलं.
रंधा चालायला लागला, काही झालंच नाही असा.
त्याचं तसं चालणंच मला लाजवत होतं.

रविवारी गुडलाइक आला.
त्याच्या डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो.
रंध्याकडे गेलाच नाही. होडीशी गेला,
गाभण गाईच्या कुशीवरून फिरवावा
तसा तळहात फळ्यांवरून फिरवत चालू लागला.
पहिली. दुसरी.
तिसरीवर अंगठा मागे आणला, पुन्हा पुढे.

"कुठल्या अंगावर पडला?"

डाव्या, मी म्हणाले. पुढच्या.
माझं सगळं तयार होतं: नवा घेऊन देते,
पैसे देते, बर्गनच्या जुन्या बाजारात तसाच शोधते.
तो म्हणाला, "आणि पाय?"
पाय वाचला.
"मग ठीक," म्हणाला, आणि थर्मासचं झाकण उघडू लागला.

होडीला डांबराचे तीन हात बसलेत.
रेघ दिसत नाही, असं बोर्गिल्ड म्हणते. होडी तिची.
पैशाचं बोलणं होण्याआधीच तिला मी रेघ दाखवली होती;
हसली, आणि तीनशे क्रोनर कमी दिले.

रंधा परत गुडलाइकच्या भिंतीवर आहे.
काडेपेटी माझ्याकडेच राहिली.
परवा उघडली. तो राखाडी रंग गेला,
टवक्यावर गंज धरलाय, तपकिरी, नवाकोरा.

ओला ठेवू नकोस, म्हणाला होता.

तेलाचा एक थेंब टाकला
आणि पेटी बंद केली.