निवळ

एकतीस वर्षं मी गावाला पाणी निवळून दिलं.
पहाटे चारला तुरटीचे दगड टाकीत सोडायचे,
काचेची नळी बल्बसमोर धरायची,
गढूळ दिसलं की रजिस्टरात तसं लिहायचं,
आणि सहा वाजता चोपड्याच्या नळांना जे यायचं
त्याला बायका नुसतं पाणी म्हणायच्या.
माझं नाव त्यात विरघळलेलं असायचं,
तुरटीसारखंच.

आता मागच्या अंगणात सहा बाय चारचा हौद
आणि तो माझं ऐकत नाही.

मासे सुभान तडवीनं दिले, हिवताप खात्यातल्या.
लोणच्याच्या बरणीत तीस गप्पी:
"डास ते खातील नाना, तुम्ही फक्त बघत बसा."
बघत बसणं मला कुठं येतं?
नव्या सिमेंटची आग उतरावी म्हणून
केळीच्या खांबाचे तुकडे आठवडाभर भिजवले,
काळं पाणी उपसलं, दोनदा भरलं, दोनदा सोडलं.
तळाशी रुपया टाकला.
वरून त्यावरचं साल वाचता आलं
की पाणी पास.

चैत्रात पास झालं.
वैशाखात पारा सेहेचाळीसला टेकला
आणि हौदाला रंग चढला,
आधी मूग भिजवलेल्या पाण्याएवढा,
मग भिंतीला ऑइलपेंट द्यावा तसा.
रुपया गेला. मासेही गेले,
म्हणजे होते, पण फक्त हलत्या हिरव्यात.

पुढचं सांगायला लाज वाटते.
ब्रशनं चारी भिंती घासल्या,
तापीचे गोटे राखेनं उजळले,
सगळं पाणी काढून थेट नळाचं भरलं.
एकतीस वर्षं क्लोरीन मोजणाऱ्याला
क्लोरीन आठवला नाही.
संध्याकाळी रुपया असा लखलखला
की साल सोडा, त्याखालचा टांकसाळीचा ठिपकाही दिसला.
सकाळी त्या रुपयावर
एकोणीस मासे पोट वर करून.
इतकं स्वच्छ पाणी मी पाहिलं नव्हतं.

बुधवारी गिरजा भोईण पाटी घेऊन आली,
कठड्याला टेकली, बोट बुडवून हुंगलं.
"पानीले धोवानं नही, नाना.
तेले बसू दे. ते सोताच निवळस."
मग कुमुदच्या हातातली मुरमुऱ्यांची वाटी पाहिली:
"अकरा मासा शेत, का वरात जेवाले बठेल शे?"

तेव्हापासून चिमूटभर, तेही एक दिवसाआड.
ऊन अडवायला कुमुदचं जुनं नऊवारी बांधलं.
जलपर्णीची चार रोपं, पाचवं उपटून टाकायचं,
तिला सूट दिली की ती हौद मागते.
कूलरची मोटार बादलीला जोडली,
बादलीत विटांचा चुरा, लोणारी कोळसा,
वर वेलावरच वाळलेली गिलकी, सोलून, बी झटकून.
शेजारचा पंकज म्हणाला, काका, भाजीचा फिल्टर?
म्हटलं, हो, आतापर्यंत खाल्लं, आता पाजतोय.

गिलकी पंधरा दिवसांनी काळी पडतात.
धुवायची ती हौदाच्याच पाण्यात,
नळाखाली नाही. ही एवढी गोष्ट
मी रजिस्टरात लिहिली,
घरी आणलेल्या कोऱ्या रजिस्टरात.

भिंतींवर शेवाळ आहे. राहू दे.
संध्याकाळी मासे तिथं तोंड घासतात,
टकटक ऐकू येईल असं वाटतं, येत नाही.
अकराचे किती झाले ठाऊक नाही,
मोजायला लागलं की ते जागा बदलतात.

आज सकाळी मोटार बंद करून वाकलो.
पाणी हललं, थांबलं.
तळाशी गोल काहीतरी, आपलंच असावं.
आकडे काही केल्या लागेनात.
पाणी गढूळ की मोतीबिंदू,
हे ठरवणारी नळी खात्याकडे जमा आहे.

कुमुदला हाक मारली.
ती पदर सावरत वाकली, बराच वेळ बोलली नाही.
"दिसतंय का साल?"
"थांबा हो," म्हणाली,
"मासा बसलाय त्याच्यावर."