चार दशांश स्थळांपर्यंत

कागद आधी कोरा असताना तोलायचा.
चिमट्यानं धरायचा, बोटाचा घामही हिशेबात येतो.
काट्याला काचेचं दार आहे, ते लावून घ्यायचं,
नाहीतर आपल्याच श्वासानं आकडा हलतो.
२.८१४६.

मग तो गोवंडीला जातो, शाळेच्या गच्चीवर,
आणि पाळी करतो. सहा ते दोन,
दोन ते दहा, रात्रपाळी.
माणूस दीड महिन्यात ओढेल तेवढी हवा
यंत्र आठ तासांत ओढतं.
घाई यंत्राला.
आपण सावकाश, आयुष्यभर.

परत येतो तेव्हा रंग जुन्या तव्याच्या पाठीसारखा.
२.९६३५.
वजाबाकी मी करते. भागाकार मी करते.
सही साहेबांची.

वरच्या मजल्यावर ते कागदाचा तुकडा विरघळवतात
आणि कोण कोण आलं होतं ते सांगतात:
कॅल्शियम म्हणजे नवा टॉवर.
सोडियम म्हणजे समुद्र, त्याच्यावर आळ नाही.
पोटॅशियम म्हणजे लाकूड.
लाकूड कुठलं, ते मला माहीत आहे.
आमच्या गल्लीतल्या भट्टीत पाडलेल्या चाळींची दारं जळतात.
एकावर पितळी पाटी राहून गेली होती:
वि. कृ. हडकर. बेल दोनदा वाजवावी.
सकाळी त्या आचेवरचे पाव आम्ही चहात बुडवले.
मऊ होते. खोटं कशाला बोलू.

कागद बदलायला अनंता सोरटे.
एकोणीस वर्षं, चार जिने, दिवसातून तीनदा.
आधी खोकला जिन्यावर यायचा, मग तो.
एकदा पाकीट माझ्या हातात देत म्हणाला,
बाई, माझंपण एकदा वजन करा की.
मी म्हटलं, करते, कोरा असतानाचा आकडा आण.
हसला.
तो कुठून आणू, म्हणाला,
कोरा होतो तेव्हा कुणी लिहूनच ठेवलं नाही.

सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या त्यानं.
टीबी नव्हता.
एक्स-रे खिडकीशी धरून मला दाखवला,
जसा मी त्याला कागद दाखवायचे.
मी बघितला. माझ्याकडे त्याची वजाबाकी नव्हती.

जानेवारीत तो गेला. अकरा दिवस
गच्चीवर कुणी चढलं नाही.
रजिस्टरमध्ये अकरा आडव्या रेघा.
रेघा सरासरीत धरत नाहीत.
धुरकट दिवस नेमके तेच होते,
महिन्याची सरासरी जरा बरी आली.
साहेब म्हणाले, सुधारणा आहे.

आमच्यात एक पद्धत आहे.
एक कागद यंत्रात घालायचाच नाही,
नुसता पाकिटातून न्यायचा, गच्चीवर फिरवून आणायचा.
वाटेत किती चिकटतं ते कळावं म्हणून.
त्याचंही वजन वाढतं. थोडंच.
चेंबूर नाक्यावर बसची वाट बघताना
मला त्या कागदाची आठवण येते.

फेब्रुवारीत नवा मुलगा आला. अय्याज. वय एकोणीस.
दंडावर नवंकोरं घड्याळ, पायात धावायचे बूट.
मी औषधाच्या दुकानातून फुंकायची नळी आणली होती,
साडेचारशे रुपये, माझ्या पैशांची.
म्हटलं, जिना चढायच्या आधी फुंक.
कशाला?
फुंक रे.
रजिस्टरच्या शेवटच्या पानावर मी आधीच लिहून ठेवलं होतं:
अय्याज, कोरा,
आणि पुढे जागा.

त्यानं गाल फुगवून जीव खाऊन फुंकलं.
काटा तीनशे ऐंशीवर थांबला.
त्याच्या उंचीला साडेपाचशे तरी हवे होते.
पुन्हा फुंकायला लावलं. तीनशे सत्तर.
राहतोस कुठे, मी विचारलं.
इथेच, बाई. बैंगनवाडी. जन्मच इथला.
आणि पाकीट घेऊन दोन दोन पायऱ्या टाकत
वर गेला.

आकडा लिहिला.
त्याआधीचा शब्द खोडला.