रतीबाची वही

गंगावेशीत रात्री साडेनऊला
माझी चांदी खांबाला उभी राहते
आणि गिऱ्हाईक पेला पुढं करतं.
धार थेट पेल्यात. फेस मिशीला.
चार पिढ्या आम्ही गावाला हे पाजलं.
तालमीतली पोरं म्हणायची, मलाप्पाण्णा,
तुमच्या दुधावर मांडी भरली.

रेवणलाही पाजलं.
मान धरायलाच त्याला वरीस लागलं,
कुणी म्हणालं, दूध वाढवा.
वाढवलं.
आमच्या काळ्या घरात
त्याचे केस मक्याच्या कणसागत भुरे,
आणि अंगाला एक वास,
बंद खोलीत उंदीर फिरून गेल्यावर राहतो तसला.
गौरव्वा त्याला दिवसातनं दोनदा घासायची.
वास कातडीवर नव्हताच.

सहाव्या वर्षी त्याच्या शाळेत,
टेंबलाईच्या चढावरची, मतिमंद म्हणतात त्या पोरांची,
मुल्लाणीबाई आल्या रक्त घ्यायला.
बोटाला सुई,
जाड कागदावर छापलेले गोल,
गोलात एकेक थेंब,
वाळवायचं, पाकिटात घालायचं, पुण्याला.
अठरा पोरं. सतरा रडली.
रेवण त्या लाल गोलांकडं बघून हसला.

यात काय बघतात, मी विचारलं.
अमिनो आम्लं, बाई म्हणाल्या.
म्हंजे फॅट?
त्या हसल्या नाहीत.
डेअरीत रोज सकाळी असंच असतंय,
जरासं दूध, काचेची नळी, एक आकडा,
आकड्यावर दर.
आकडा मला कळतो.

आला तो चोवीस.
पाहिजे दोनच्या खाली.
उरलेल्या सतरा जणांचे बरोबर निघाले.
त्यांच्या आया व्हरांड्यात उभ्या,
माझ्याकडं हेव्यानं बघत.
आमच्याकडं निदान कारण तरी होतं.

डॉक्टरांचं मी असं समजलो,
दुधात, डाळीत, मटणात एक घटक असतो,
सगळ्यांचं शरीर तो मोडून वापरतं,
याच्याकडं सुटे होत नाहीत.
मग तो रक्तात साठतो,
साठत साठत डोक्यात जातो.
नाव सांगितलं फिनाइल-काहीतरी.
मला गोठा धुवायचं फिनेलच ऐकू आलं.

आता तो साबुदाणा खातो, शेंगदाण्याशिवाय.
भात तागडीत तोलून.
शेजारी म्हणतात, पोराचा रोजच सोमवार.
पुण्याहून पावडर येते,
एक डबा म्हंजे चांदीचं आठ दिवसांचं दूध.
दूध विकून मी
दुधाऐवजी द्यायचं ते आणतो.

महिन्याला रक्त.
आकडा रतीबाच्या वहीत, फॅटच्या रकान्यात,
दुसरी वही नाही माझ्याकडं.
चोवीस. सतरा. अकरा.
एकोणीस (गणपतीत कुणीतरी पेढा भरवला).
आठ.
वास गेला. केस मुळाशी काळे व्हायला लागले.
बोलेल का, विचारलं
की डॉक्टर चष्मा पुसतात.
तो खांबाशी बसतो,
धारेचा आवाज तोंडानं काढतो,
चुर्र, चुर्र,
गिऱ्हाइकं फसून वळतात.
फेसाचं बोट चाटील म्हणून
त्याचे हात माझ्या गुडघ्याखाली दाबून
मी धार काढतो.

काल गौरव्वाला मुलगी झाली.
टाचेला सुई परवा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोवर पाजा,
पोटात दूध गेल्याबगर
रक्तात काही दिसत नाही.

कट्ट्यावरनं तसाच सीपीआरला गेलो,
हाताला दुधाचा वास.
गौरव्वा भिंतीला टेकून बसलेली,
झंपर पुढनं ओला,
बाळ झोपेत ओठ हलवत होतं.
पाजू का, तिनं विचारलं.
दोनदा विचारलं.
मी नाल्याकडची खिडकी
लावून घेतली.