एक हजार चोवीस

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
पिंपळगावच्या पॅकहाउसमधून विधातेंचा फोन:
"मॅडम, कंटेनर उभाय. द्राक्षं भरलीत,
सील नंबर काही चढत नाही.
नुसतं गोल गोल फिरतंय."

अंबडच्या ऑफिसात मी आणि तौफिक कोकणी.
एसीपुढे त्यानं कानटोपी घातलेली,
बाहेर जानेवारी त्याहून गार.
प्रॉक्सी जिवंत होता. प्रोसेसर निवांत,
मेमरी अर्धी रिकामी, डिस्कवर जागाच जागा.
लॉगमध्ये मात्र एकच ओळ, सेकंदाला चाळीसदा:
फार फायली उघड्या आहेत.

फायली म्हणजे काही फायली नव्हेत.
दारात आलेला प्रत्येक जण,
आत धाडलेला प्रत्येक निरोप,
कर्नल त्याला एक नंबर देतो,
रिकाम्यातला सगळ्यात लहान.
शून्य, एक, दोन जन्मासोबतच मिळतात:
ऐकायला, बोलायला, कुरकुरायला.
पुढचे मागून घ्यायचे
आणि काम झालं की परत करायचे.
हद्द एक हजार चोवीस.

"रीस्टार्ट मार," तौफिक म्हणाला.
मारला.
नऊ मिनिटं सगळं सुरळीत,
एक कंटेनर गेला, मागचा अडकला.

मग हद्द वाढवली. पासष्ट हजार पाचशे छत्तीस.
टर्मिनलला विचारलं, तो म्हणाला, हो, पासष्ट हजार.
प्रॉक्सीला विचारलं, तो म्हणाला, एक हजार चोवीस.
ओसरीवर ठरलेलं
मळ्यातल्या गड्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
त्याच्या सर्व्हिसच्या फायलीत वेगळी ओळ लिहिली,
तेव्हा कुठे त्यानं मानलं.

आणि आकडा चढू लागला.
दोन हजार. साडेतीन. पाच.
तौफिक चहा आणायला गेला, आला, तोवर आठ.
आता पडायला वेळ लागणार होता,
एवढाच काय तो फरक.

भांडी बाजारात बाबांचं दुकान होतं,
लग्नाकार्याला भाड्यानं भांडी.
पातेली, पराती, ओगराळी,
प्रत्येकावर ठोकलेला नंबर, प्रत्येक नंबर वहीत.
एका वैशाखात गिऱ्हाइकं परत जायला लागली:
वहीत बघावं तर सगळं बाहेर.
बाबांनी उधारीवर चाळीस पातेली आणली,
तीही आठवड्यात संपली.
मग एका दुपारी माळ्यावर चढले
आणि खाली बघून हसायलाच लागले.
भांडी केव्हाच परत आलेली.
धुऊन, पालथी घालून, एकात एक.
वहीत काट मारायची राहिली होती.
शाळा सुटल्यावर वहीवर
मीच बसायचे.

सॉकेटांची यादी काढली.
आठ हजारांतले साडेसात हजार
एकाच शब्दापाशी थांबलेले: क्लोज-वेट.
म्हणजे पलीकडचा निरोप घेऊन गेलेला आहे.
आपणच दार धरून उभे.
सगळी दारं एकाच दिशेची,
लॅबच्या सर्व्हरकडे उघडणारी,
जो रात्री बारापासून 'आज नाही' म्हणत होता.

कोड उघडला. ओळ दोनशे अठरा.
नकार आला की तिथूनच माघारी फिरायचं.
'बंद कर' लिहिलेलं होतं,
पण चार ओळी खाली,
जिथे नकार घेऊन कुणी पोचतच नव्हतं.
"कुणी लिहिलंय रे हे?" मी म्हणाले.
तौफिकनं इतिहास काढला, स्क्रीन माझ्याकडे वळवली
आणि चहाच्या कपात बघत बसला.
माझंच नाव. साडेचार वर्षांपूर्वीची तारीख.

चार ओळी वर नेली.
दोनशे बारा. दोनशे नऊ. दोनशे चौदा.
हलत होता आकडा, चढत नव्हता.

पाच वाजता विधाते:
"गेला बघा. तिन्ही गेले."
पलीकडे ट्रकचा हॉर्न, मग काहीच नाही.
मी फोन तसाच कानाशी धरलेला.
"अगं, ठेवलाय त्यांनी," तौफिक म्हणाला.
"ठेव."