आधी प्लग काढा

रिकाम्या डिस्टेंपरच्या डब्यावर
मोबाइल टेकवला. तो घसरला.
मग श्रुतिकानं त्याच्या मागं
पाचपावलीच्या बाजारातून आणलेलं
अर्धं कोहळं लावलं,
तेव्हा कुठं माझा चेहरा सरळ आला.

“काका, भिंगात पाहा नं, सोताकडे काय पाहून राहिले?”
पण न पाहता कसं राहावं?
एकसष्ट वर्षांत एवढा वेळ
कोणी मला माझ्यासमोर उभंच केलं नव्हतं.
दाढी करतानाही मी फक्त गाल पाहतो.

“नमस्कार. मी दौलत पराते, गोळीबार चौक, नागपूर.
कूलर दुरुस्ती.”
इथवर ठीक. मग शब्द संपले.
या कामाचे शब्द माझ्याकडे नव्हतेच कधी.
हात होते. ते करायचे,
मी सोबत जायचो.

पहिल्या वेळी कूलर चालूच राहिला:
व्हिडिओभर नुसती घरघर, आणि मी
मासोळीसारखा तोंड उघडून मिटून राहिलेला.
दुसऱ्या वेळी बंद केला,
तर घाम नाकावरून थेट पंपात.
तिसऱ्या वेळी लाइन गेली.
चौथ्या वेळी वच्छला आतून ओरडली,
“अवो, दूधवाल्याचे पैसे देल्ले का?”
तेवढंच काय ते स्वच्छ ऐकू आलं.

पाचव्यात जमलं.
झाकण उघडलं, पातं काढलं,
बोअरच्या पाण्याचा पांढरा थर
जुन्या टूथब्रशनं खरवडला.
रात्री श्रुतिका म्हणाली,
“काका, प्लग काढा म्हनून सांगितलंच नाही तुमी.”

नाही?
पुन्हा लावून पाहिलं.
माझा उजवा हात चौकटीबाहेर जातो,
काहीतरी ओढून परत येतो,
मला न विचारता.
चाळीस वर्षं तो असाच जात असेल.
मी त्याचं एकदाही नाव घेतलं नाही.
त्याच्याचमुळे जिवंत आहे, बहुतेक.

सहावा. आता पहिलं वाक्य तेच:
आधी प्लग काढा.
काढला? हातात धरून दाखवा.
जसं काही समोरचा दाखवणारच आहे.

तिला शेवटचा तुकडा कापायचा होता.
पंप पाण्यात सोडून बटण दाबलं, की
पाणी नळीतून वर चढायला
अकरा सेकंद लागतात. तेवढा वेळ
मी बोलत नाही, काही करत नाही,
वर पाहत नुसता उभा.
“इथंच लोक पळून जातात, काका.”
जाऊ दे, म्हटलं.
पळणाऱ्यानं मिस्त्री बोलवावा.
नळी दाबायची नाही, पंप हलवायचा नाही,
घाई केली की तो हवा धरतो.
थांबणं हे त्यातलंच काम आहे,
ते कसं कापणार?
रुसली. पण ठेवले तिनं.

आठवडाभरात दहादा पाहिला गेला.
त्यात सहा वेळा मी,
दोनदा भंडाऱ्याचे जावई,
एकदा वच्छला, चुकून बोट लागून.
उरला एक.
कोण, कळत नाही.
रात्री दोनच्या सुमारास,
शेवटपर्यंत.

त्याचाच विचार करून राहिलो.
मानकापूरकडे असेल, किंवा पार हुडकेश्वरला.
वरच्या मजल्याची तापलेली खोली,
पोराच्या पाठीवर घामोळ्या,
याच्या दातांत पेचकस.
त्यानं मला थांबवलं असेल, मागं नेलं असेल,
तेच ते पुन्हा बोलायला लावलं असेल.
इतकं मन लावून
माझं गिऱ्हाइकानं काय, घरच्यांनीही ऐकलं नाही.
मग पंप पाण्यात. मग ते अकरा सेकंद:
मी इकडं गप्प, तो तिकडं गप्प,
दोघंही वर पाहत.

पाणी चढलं का,
कोणी कळवलं नाही.
नाही चढलं तरी चालेल.
त्यानं प्लग काढला असेल नं,
एवढंच अधूनमधून
मनात येऊन राहते.