शेरा

निविदा समितीच्या टेबलाशी शेवटची खुर्ची माझी.
समोर पाटी 'वापरकर्ता विभाग', तीही उलटी ठेवलेली.
बावीस पावसाळे पूरनियंत्रण कक्षात फोन उचलले,
आज पहिल्यांदा कुणी विचारलं,
तुम्हाला काय पाहिजे?
विचारलं, आणि घड्याळ बघितलं.

पहिली कंपनी पुण्याची. पडद्यावर कोल्हापूर उजळलं.
रंकाळा निळा, पंचगंगा त्याहून निळी.
ऑगस्टात बघितलीय का हिला कधी?
चहा असतो नुसता, उतू जाणारा.
अग्निशमनचे बंब लाल ठिपके होऊन
शिवाजी पुलाकडे धावत होते, एकाही गर्दीत न अडकता.
साहेब म्हणाले, वा.

दुसऱ्यांचा नकाशा बोलायचा.
बाईचा आवाज, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा:
कृपया आपले ठिकाण निवडा.
मी म्हटलं, एक फोन लावून बघू?
आणि बोलले, त्या रात्री जसा आला होता तसा:

ताई, सुतारवाड्यातनं बोलतोय,
पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय,
म्हातारीला उचलाय दोन गडी लागत्यात,
आणि म्हस सोडून ती यायची न्हाई.

कृपया आपले ठिकाण निवडा.
क्षमस्व, 'म्हस' समजले नाही.
हॉलमध्ये हशा पिकला.
मी पाण्याची बाटली उघडली, परत लावली.

राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट म्हणजे धोका,
हे शासनाचं.
दस्तगीर मुजावरमामांच्या वहीत फूट नव्हते.
वायरलेसवरनं निवृत्त होताना त्यांनी ती वही
डब्याच्या पिशवीतनं काढून माझ्या ड्रॉवरात ठेवली,
चार्जशीटमध्ये कुठंच नोंद न करता.
तालमीची पायरी बुडाली की बोट.
गिरणीचा पट्टा भिजला की ट्रक पाठवू नये.
मगदूम ड्युटीवर असेल तर दोर जास्तीचा द्यावा,
तो आधी उडी मारतो, मग विचारतो.
आणि लाल शाईत, दोनदा गिरवलेलं:
आंबेवाडीचा फोन तीनदा आला,
चौथ्यांदा आला नाही, की निघा.

म्हणून मी विचारलं,
न आलेला फोन तुमच्या पडद्यावर
कुठल्या रंगाचा दिसतो?

पुण्याचे म्हणाले, हे पुढच्या टप्प्यात घेता येईल.
दुसरे म्हणाले, प्रश्न ई-मेल करा.

तिसरी कंपनी म्हणजे इचलकरंजीची प्रज्वला शिरगावे
आणि तिचा मावसभाऊ, प्रिंटर काखेत घेऊन आलेला.
तिचं बोलणं मध्यावर आलं आणि लाइट गेली.
तिचाही पडदा काळा.
ती म्हणाली, आमचंही बंद पडतं की.
म्हणून दर तासाला कागद निघतो,
कोण कुठं अडकलंय, कुठली बोट कुणाकडं.
अंधारात एक कागद हातोहात फिरला,
मोबाइलच्या उजेडात शेटे अभियंत्यांनीसुद्धा वाचला.
आणि न आलेला फोन?
तिनं लगेच उत्तर दिलं नाही.
मग म्हणाली, ते अजून जमलेलं नाही मॅडम.
ती वही बघायला मिळंल?

वार्षिक उलाढाल दोन कोटी हवी, अट क्रमांक सात.
तिची अडतीस लाख.
लाइट यायच्या आत ती बाद झाली होती,
फक्त तिला सांगायचं राहिलं होतं.

गुणपत्रक माझ्यापर्यंत शेवटी आलं.
रंगसंगती दहा गुण. सादरीकरण पंधरा.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद,
त्यात 'निरंक' लिहायची पद्धत आहे.
मी लाल पेन मागितलं. शेटे म्हणाले, लाल चालत नाही.
मग निळ्यानंच लिहिलं आंबेवाडीचं,
अक्षर बारीक करत, समासाबाहेर जात, सहीच्याही खाली.

संध्याकाळी वहीची झेरॉक्स काढली.
चौऱ्याण्णव रुपये झाले.
प्रत इचलकरंजीच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली,
आणि बिल कुठल्या हेडखाली टाकायचं
याचा विचार करत कक्षात परत आले.
बाहेर ढग भरलेले.
फोन गप्प होता.
मी वेळ लिहून ठेवली.