नोव्हेंबरचं पान

पंपाच्या कंपनीने दिलेलं कॅलेंडर.
बारा पानं, बारा जर्मन गावं.
वर्ष कधीच उलटून गेलंय,
पण निझवाच्या वर्कशॉपमध्ये ते अजून खिळ्याला आहे,
नोव्हेंबरवर थांबलेलं:
काळ्या लाकडी पट्ट्यांची घरं, एकमेकांना टेकलेली,
दगडी गल्ली, नुकतीच ओली,
आणि माणूस एकही नाही.

सात वर्षं मी त्या गल्लीत जेवलो आहे.
डबा उघडायचा, ठेचा भाकरीवर पसरायचा
आणि मनातल्या मनात डाव्या हाताला वळायचं,
जिथे फोटो संपतो.

डेटलेफ म्हणायचा, ते माझ्या मावशीचं गाव.
(खोटं असेल. बाराही गावं तो मावशीचीच सांगायचा.)
फार शांत असेल ना, मी विचारलं.
तो गॅसकेट पुसत राहिला.
"शाळा बंद झाली तेव्हापासून."

व्हिसाचे कागद दोनदा परत आले.
मग शैलजाने फाईल कपाटावर टाकली
आणि म्हणाली, शुक्रवारी अल हमराला जाऊ,
पाऊण तासावर आहे, जुनं आहे,
आणि बँकेचं स्टेटमेंट कुणी मागत नाही.

तर हे अल हमरा.
मातीची तीनमजली घरं, डोंगराला पाठ लावून,
दारांवरचं कोरीवकाम शाबूत,
आत छप्पर खाली बसलेलं.
एका कोनाड्यात कॅसेट, उन्हाने वाकडी झालेली.
लोक खाली गेले, सिमेंटच्या घरांत, एसीत;
इथून त्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात.
शैलजा म्हणाली, किती शांत.
मला गॅसकेट आठवलं.

पाणी मात्र गेलं नव्हतं.
भिंतींच्या पायथ्याने, खजुरीच्या बागांकडे
फलज वाहत होता, हातभर रुंद, बिनघाईचा.
काठावर खलफान, गुडघ्यावर मोबाईल,
समोर जमिनीत रोवलेली काठी आणि दगडांची रांग.
सावली या दगडापासून त्या दगडापर्यंत: एक अथर, अर्धा तास.
तेवढं पाणी एकाचं.
मोबाईलमध्ये घड्याळ आहे की, मी म्हटलं.
"त्याच्यावरून भांडणं होतात.
सावलीवरून नाही."

मग मी उकिडवा बसलो
आणि धुळीत बोटाने काढून दाखवला
पांझरेवरचा आमचा बंधारा, पाट, चाऱ्या, चार फड,
यंदा ऊस कुठे, बाजरी कुठे,
हा पाटकरी, हा जागल्या,
हा कंदील घेऊन रात्री दारं धरणारा माझा काका.
खलफान रेघा वाचत होता,
पोराची गणिताची वही तपासावी तसा.
"इथे तुमचं पाणी चोरीला जातं," तो म्हणाला,
एका वळणावर नख टेकवून.
जायचं. तिथेच जायचं.
"आता कोण बघतं?"
आता बोअर आहेत, मी म्हटलं,
पाटकरी सुरतेला वॉचमन आहे.
हे सांगताना का कोण जाणे
मी आवाज खाली आणला,
घरात कुणी झोपलंय असा.

कधीतरी तिथेही येईल कुणी कॅमेरा घेऊन,
कोरड्या पाटावर उभं राहून म्हणेल,
जाऊ दे.

बाबा, माझी होडी!
रेवती ओरडली.
चकचकीत जाड कागदाची,
कडेवर काळ्या लाकडी पट्ट्या, तळाशी ओली गल्ली.
गुरुवारी वर्कशॉपात आली होती ती;
मला विचारलंसुद्धा नाही.
नोव्हेंबर निघाला पाण्यावरून,
कलंडत, सावरत, मातीच्या भिंतींना घासत,
आणि वळणावर डाव्या हाताला.

तेवढ्यात सावली दगडाला लागली.
खलफान उठला,
चिंध्यांचा बोळा आणि एक धोंडा
चारीच्या तोंडात बसवला.
पाणी दुसऱ्या बागेकडे फिरलं.
होडी अर्ध्यावर चिखलात टेकली.
रेवतीने काठी मागितली, ढकलायला.
"ती सावलीची आहे," खलफान म्हणाला.
"तुझा अथर संपला, मुली. हा सईदचा."

मी कारची किल्ली हातात खेळवत राहिलो.
रेवती मांडी घालून बसली,
पुढच्या दगडाकडे बघत.